जुन्या मोटारीतील ‘पाणी’

वस्तू बदलली तरी तिचे नाव मागेच रेंगाळते, असा प्रकार मोटारीच्या व्यवहारात अनेकदा आढळतो. जुन्या गाडीचा मालक सकाळी झाकण उघडून ‘पाणी पाहतो’, घाट चढण्यापूर्वी ‘पाणी घालतो’ आणि गाडी तापली म्हणजे ‘पाणी उकळले’ असे सांगतो. एके काळी हा शब्द अक्षरशः खरा होता. आज रेडिएटरमध्ये असावयास हवा तो द्रव केवळ पाणी नव्हे. परंतु शब्द तोच राहिल्यामुळे कृतीही तीच राहिली, आणि नळाखाली भरलेली बादली अद्यापही चांगल्या इंजिनांचा घात करीत आहे.

प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण घेता येईल. १९६४ साली कुर्ल्याच्या कारखान्यात ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने तयार होऊ लागलेली हीच गाडी पुढे पद्मिनी झाली. तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली असली, तरी हौशी मालकांनी जतन केलेल्या पद्मिनी पुष्कळ आहेत. तिच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा ठोकळा बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे आणि रेडिएटर तांबे-पितळेचा, शिशाच्या डाखाने सांधलेला. एकाच द्रवात इतके भिन्न धातू बुडालेले असले आणि त्या द्रवात क्षार असले, म्हणजे एक प्रकारची विद्युत्‌घटमालाच तयार होते व तीत अॅल्युमिनियम झिजत जाते. देशावरील विहिरींचे व बोअरचे पाणी बहुधा जड. त्यातील चुना तापलेल्या भिंतींवर थर धरतो. हा थर उष्णतेचा मंदवाहक असल्याने इंजिनात पाणी भरपूर असूनही इंजिन तापते, आणि मालक आणखी पाणी घालतो!

कूलंट म्हणजे एथिलीन ग्लायकोल, पाणी आणि गंजरोधक द्रव्ये यांचे मिश्रण. थंड देशांत ते पाणी गोठू नये म्हणून घालतात. त्यावरून मुंबईत त्याची गरज काय, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर गंजरोधकांत आहे. ग्लायकोल व ऊर्ध्वपातित पाणी समप्रमाणात घेतल्यास मिश्रणाचा उत्कलनबिंदूही १०७ अंश सेल्सियसच्या आसपास जातो, हा आणखी एक लाभ. मात्र ‘जितके दाट तितके चांगले’ ही समजूत चुकीची होय. ग्लायकोलची उष्णता धारण करण्याची शक्ती पाण्याच्या तीन पंचमांशांहूनही किंचित कमी आहे. जुन्या रेडिएटरसाठी तांबे, पितळ व डाख यांना मानवणारे कूलंट निवडावे, दोन जातींची मिश्रणे एकत्र करू नयेत आणि पारंपरिक प्रकारचे कूलंट दर दोन वर्षांनी बदलावे, कारण रंग तसाच दिसला तरी त्यातील गंजरोधक खर्ची पडलेले असतात.

‘रेडिएटर’ हे नावही फसवेच आहे. लॅटिन मूळ पाहता त्याचा अर्थ किरणांनी उष्णता फेकणारा. प्रत्यक्षात त्याची बहुतेक उष्णता पंख्याच्या व गतीच्या वाऱ्याने वाहून नेली जाते. म्हणूनच ढिला फॅनबेल्ट किंवा चिखलाने, किड्यांनी बुजलेल्या पट्ट्या यांमुळे गाडी तापू शकते, आणि दोष मात्र पाण्यावर जातो.

सर्वांत उपेक्षित भाग म्हणजे झाकण. पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते ते महाबळेश्वरी. समुद्रसपाटीस १०० अंशांवर. झाकणातील स्प्रिंगने चौरस इंचास ७ पौंड जादा दाब राखला, तर समुद्रसपाटीचा हा बिंदू सुमारे १११ अंशांवर जातो. झाकणाचे रबर चिरले की हे सारे संरक्षण संपते. याच कारणाने तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे अत्यंत धोक्याचे आहे: दाब एकाएकी उतरतो, शंभराहून अधिक तापलेला द्रव तत्क्षणी वाफ होऊन उसळतो आणि चेहरा व हात भाजतात. इंजिन हाताला सोसेल इतके निवेपर्यंत थांबावे. गरम इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेडला तडा जाण्याचा संभव असतो.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा आपल्याकडील एक जुना उपाय. मेणाच्या प्रसरणाने उघडणारी ही झडप अडकली की गाडी तापते हे खरे. परंतु ती नसल्यास इंजिन दीर्घकाळ थंड राहते, पेट्रोल अधिक जाते आणि सिलिंडर लवकर झिजतात. नवी झडप बसविण्यापूर्वी ती दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात टांगून तापवावी व तापमापकाने पाहावे; तिच्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास ती उघडू लागली पाहिजे.

काट्यावर मात्र फार विश्वास ठेवू नये. त्याची संवेदक कुपी द्रवात बुडालेली असावी लागते. होजपाइप फुटून द्रव वाहून गेला, की कुपी उघडी पडते आणि काटा खाली येऊ शकतो. चालकास गाडी निवली असे वाटते. अॅल्युमिनियमचे प्रसरण बिडाच्या जवळजवळ दुप्पट असल्याने अशा वेळी थोडे अंतर चालविले तरी हेड वाकते व गॅस्केट जाते. मग ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. तेथवर येऊ द्यावयाचे नसेल तर होजपाइप दाबून पाहावेत. मऊ, फुगीर किंवा चिरलेले असतील ते बदलावेत.

कूलंट बदलताना इंजिन पूर्ण थंड असावे. खालची तोटी उघडून द्रव काढावा, पाणी खालून वर सोडून रेडिएटर धुवावा, नवे मिश्रण सावकाश भरावे व इंजिन चालू ठेवून अडकलेली हवा जाऊ द्यावी. ज्या गाड्यांस वेगळी बाटली नसते त्यांत वरच्या टाकीत थोडी जागा सोडावी. काढलेला द्रव गटारात किंवा अंगणात ओतू नये. ग्लायकोल गोड लागते व ते विषारी आहे. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. मुलांच्या हाती न लागेल अशा झाकणाच्या डब्यात ते ठेवावे आणि डब्यावर आत काय आहे ते ठळक अक्षरांत लिहावे.