रजिस्टरात फक्त ‘मुसलमान’

आरक्षण जातीवर की उत्पन्नावर, हा वाद नांदूरघाटच्या पिंजारी घरात शाळेच्या जुन्या रजिस्टरापाशी अडतो. ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या नावापुढे मात्र नुसते ‘मुसलमान’. पिंजारी, तांबोळी, बागवान यादीत आहेत, पण ‘मुसलमान’ लिहिल्याने बिरादरी सिद्ध होत नाही.

२०१४चे मुस्लिमांचे ५ टक्के उच्च न्यायालयाने शिक्षणापुरते टिकवले होते. सरकारने अध्यादेशाचा कायदाच केला नाही. २०१९पासून आर्थिक दुर्बलांना १० टक्के आहेत, मर्यादा आठ लाख. यादीबाहेरच्या शेख-पठाणांना ते उपयोगी. पिंजाऱ्याची गरिबी मात्र बिरादरीच्या धंद्याबरोबर आली. आठ लाखांच्या रांगेत तिचा नंबर शेवटीच लागेल. तेव्हा निर्गम उतारे काढा, घरातले निजामकाळचे उर्दू कागदही जाणत्याकडून वाचून घ्या.