न दाखवलेल्या नियमाची किंमत

ऑक्टोबर 2018 मध्ये एक्सीड गेम्स या अमेरिकेतील प्रकाशक कंपनीने एक छोटे निवेदन काढले. 'सेनरान कागुरा बर्स्ट री:न्यूअल' हा जपानी गेम प्लेस्टेशन 4 वर ठरल्या वेळी येणार नाही, आणि येईल तेव्हा त्यातला 'इंटिमसी मोड' काढून टाकलेला असेल. संगणकावर खेळायच्या आवृत्तीत मात्र तो मोड तसाच राहील. हा मोड म्हणजे गेममधल्या तरुणींना पडद्यावरच्या हाताने स्पर्श करण्याचा खेळ. तो काढण्याचे कारण एवढेच दिले होते, की 'प्लॅटफॉर्मधारका'ची तशी इच्छा आहे. प्लेस्टेशन सोनीचे असल्याने हा प्लॅटफॉर्मधारक कोण, ते वाचणाऱ्याला उघडच होते. गंमत अशी, की हाच गेम याच यंत्रासाठी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत जपानमध्ये विक्रीला आला होता, तोही त्या मोडसकट. गेम तोच होता आणि यंत्रही तेच होते. मधल्या आठ महिन्यांत बदलला तो नियम, आणि तो कुठे जाहीर झालेला नव्हता.

हा मोड गेला म्हणून हळहळावे असे मला मुळीच वाटत नाही. सेनरान कागुरातल्या बहुतेक नायिका निन्जांच्या शाळेत शिकणाऱ्या मुली दाखवल्या आहेत, आणि एवढ्या एका गोष्टीवरूनही आक्षेप घेता येतो. पण वाईट गेमवर चाललेली कात्री पाहिली की कात्री कशी चालते हे नीट कळते, कारण तिथे कलाकृतीबद्दलचे प्रेम आड येत नाही. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांनी लैंगिक मजकुराबद्दल नियम करूच नयेत, असे म्हणण्यात अर्थ नाही. आक्षेप आहे तो नियम न दाखवण्याला, गेम तयार होत आल्यावर तो लागू करण्याला आणि निर्णयाचे कारण लेखी न देण्याला. आणि या पद्धतीची किंमत बहुतेक वेळा लहान कंपन्यांनाच मोजावी लागते.

संगणकासाठी गेम बनवायला कोणाची परवानगी लागत नाही. कन्सोलचे, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्राचे, तसे नाही. आधी यंत्राच्या मालक कंपनीशी करार होतो, त्यात गुप्ततेची अट असते. मग विकासासाठीचे खास यंत्र मिळते, गेमची कल्पना मंजूर करून घ्यावी लागते, आणि शेवटी तयार गेम मालक कंपनीच्या तपासणीतून जातो. निन्टेन्डोकडे या तपासणीला 'लॉटचेक' म्हणतात. एवढे झाल्यावर दुकानात जागा मिळते, आणि त्या बदल्यात विक्रीतला साधारण 30 टक्के वाटा मालक कंपनीला जातो. ही व्यवस्था जन्मली ती नैतिकतेच्या आग्रहातून नव्हे. 1982 साली अमेरिकेत अटारी 2600 या यंत्रासाठी 'कस्टर्स रिव्हेंज' नावाचा एक किळसवाणा गेम आला. त्यात एका मूळनिवासी स्त्रीवरचा बलात्कार हाच खेळ होता. महिला संघटनांनी निदर्शने केली, अटारीने खटला भरला, पण आपल्याच यंत्रावर कोणता गेम चालावा हे ठरवण्याची तांत्रिक सोय अटारीजवळ नव्हती. पुढच्या वर्षी निकृष्ट गेम्सच्या पुरात अमेरिकेतला सगळा बाजारच कोसळला. 1985 मध्ये निन्टेन्डो अमेरिकेत उतरली ती यंत्रात कुलूपचिप बसवूनच, म्हणजे कंपनीने दिलेली किल्ली असेल तरच गेम सुरू होणार. हेतू मुख्यतः बाजार ताब्यात ठेवण्याचा होता. पण किल्ली हातात आल्यावर तिचा उपयोग बाजारापुरता राहिला नाही. 'फायनल फँटसी'चा सहावा भाग 1994 साली अमेरिकेत गेला तेव्हा त्यातल्या दारूच्या गुत्त्यांचे कॅफे झाले आणि एका उघड्या स्त्रीप्रतिमेवर कपडे चढले.

त्याच वर्षी अमेरिकेत ईएसआरबी ही वयोगट ठरवणारी संस्था स्थापन झाली. डिसेंबर 1993 मध्ये सिनेटमध्ये गेम्समधल्या हिंसेवर आणि अश्लीलतेवर सुनावणी झाली, आणि सरकारने कायदा करण्यापेक्षा आपणच सोय लावलेली बरी, असे उद्योगाने ठरवले. वर्गीकरण आले म्हणजे मालकाची कात्री ढिली पडायला हवी होती, आणि काही अंशी ती पडलीही. पण वर्गीकरणाच्या वरच्या टोकाला एक विचित्र भिंत उभी राहिली. 'एम' म्हणजे 17 वर्षे आणि वर, 'एओ' म्हणजे 18 आणि वर. फरक एका वर्षाचा. पण सोनी, निन्टेन्डो आणि मायक्रोसॉफ्ट या तिघीही एओ शिक्क्याचे गेम आपल्या कन्सोलवर घेत नाहीत, आणि अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळ्याही ते ठेवत नाहीत. त्यामुळे कागदावर वयाची सूचना असलेला हा शिक्का व्यवहारात बंदीच ठरतो. 2005 मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियाज'च्या कोडमध्ये बंद करून ठेवलेला एक संभोगाचा प्रसंग हौशी लोकांनी उघडला. ईएसआरबीने जुलैमध्ये गेमला एओ शिक्का दिला, आणि दुकानांनी खोकी परत पाठवली. हा गेम काढणाऱ्या रॉकस्टारसारख्या बड्या कंपनीने तो प्रसंग पूर्ण काढून गेम नव्याने छापला आणि ती सावरली. त्याच वर्षी 'फॅरेनहाइट' या फ्रेंच गेमच्या अमेरिकी आवृत्तीतून प्रणयप्रसंग आधीच कापले गेले होते. इथे एक गोष्ट मान्य करायला हवी: ही भिंत अन्यायाची वाटली तरी सगळ्यांना दिसत होती. ती ओलांडायची नाही, एवढे डेव्हलपरला पहिल्या दिवशी माहीत असे.

2018 पासून सोनीने जे केले ते या भिंतीच्या अलीकडचे आहे. सोनीच्या गेम व्यवसायाचे मुख्यालय 2016 मध्ये कॅलिफोर्नियात गेले. एप्रिल 2019 मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने बातमी दिली, की लैंगिक मजकुराबाबत कंपनीने स्वतःचे वेगळे निकष लावायला सुरुवात केली आहे, आणि सोनीच्या प्रवक्त्यांनी निकष असल्याचे मान्यही केले. बातमीत दिलेली कारणे ऐकली तर सोनीची बाजू समजते. मी टू चळवळीनंतर अमेरिकेत वातावरण बदलले होते. शिवाय आता गेम खेळतानाचे थेट प्रक्षेपण ट्विच आणि यूट्यूबवर होते, तेव्हा फक्त जपानसाठी म्हणून काढलेला गेमही क्षणात ओहायोतल्या घरात दिसतो. ब्रँडची काळजी घेणे हा कंपनीचा हक्कच आहे. पण ते निकष काय आहेत, हे वाचायला मिळेल असा कागद सोनीने जनतेसमोर ठेवलेला नाही.

याचे परिणाम एकेका गेममध्ये पाहता येतात. 2019 साली डी3 पब्लिशरचा 'ओमेगा लॅबिरिंथ लाइफ' निन्टेन्डो स्विचवर पूर्ण नावाने आणि पूर्ण मजकुरासह आला. प्लेस्टेशनवर तो नुसता 'लॅबिरिंथ लाइफ' झाला, आणि नावासोबत मजकुरालाही गळती लागली. सेनरान कागुराचे निर्माते केनिचिरो ताकाकी यांनी मार्च 2019 मध्ये मार्व्हलस ही आपली कंपनी सोडली आणि ते सायगेम्समध्ये गेले. वाढत्या निर्बंधांचा उल्लेख त्यांनी जाताना केला होता. त्यांच्या मालिकेचा घोषित झालेला पुढचा भाग अजून आलेला नाही. त्यांच्या गेम्सची ही दिशा कोणाला आवडो न आवडो, आठ वर्षे चाललेली मालिका नियमांच्या अनिश्चिततेत अडकली, हे नाकारता येत नाही.

उशिरा आलेल्या 'नाही'चा खर्च बाहेरून लक्षात येत नाही, म्हणून तो थोडा उलगडून सांगायला हवा. गेममधला प्रसंग चित्रपटाच्या रिळातून कापावा तसा कापता येत नाही. त्या प्रसंगाशी मेनूतली बटणे जोडलेली असतात, बक्षिसे जोडलेली असतात, आवाजाचे ध्वनिमुद्रण आणि पाच-सहा भाषांतली भाषांतरे झालेली असतात. एक धागा ओढला की दुसरीकडे गेम अडकतो, म्हणून पुन्हा सगळी चाचणी, पुन्हा तपासणीची रांग. वयोगटाचे प्रमाणपत्रही कधी नव्याने घ्यावे लागते. त्याहून जड ओझे पुढचे असते: एकाच गेमच्या दोन आवृत्त्या वर्षानुवर्षे सांभाळणे, प्रत्येक दुरुस्ती दोनदा करणे. शेकडो माणसांच्या स्टुडिओला हे जमते. आठ-दहा जणांच्या स्टुडिओपुढे दोनच वाटा उरतात. एक, प्लेस्टेशन सोडून देणे. दुसरी, ज्यावर आक्षेप येण्याची पुसटशी शक्यता आहे ते सुरुवातीलाच न लिहिणे. दुसऱ्या वाटेची नोंद कुठेही होत नाही, कारण न लिहिलेल्या प्रसंगाबद्दल कोणी निवेदन काढत नाही. आणि ती वाट फक्त चावट गेमवाले घेतात असे नाही. प्रौढ नात्यांबद्दल किंवा समलिंगी प्रेमाबद्दल गंभीरपणे लिहू पाहणाऱ्यालाही रेषा कुठे आहे हे माहीत नसेल, तर तो चार पावले अलीकडेच थांबतो.

यावर असे म्हटले जाईल, की निर्बंध मुख्यतः अल्पवयीन दिसणाऱ्या पात्रांबद्दल आहेत आणि त्यात वाद कसला? आक्षेप वजनदार आहे. मुलांचे लैंगिक चित्रण दुकानात नको, याबद्दल माझेही दुमत नाही. पण मग तेवढा एक नियम चार ओळींत लिहून जाहीर करणे अवघड का असावे? जपानच्या सेरो या वर्गीकरण संस्थेने कोणत्या गोष्टी मुळीच चालणार नाहीत याची यादी प्रसिद्ध केलेली आहे. तिच्यावर टीका होते, 'सायबरपंक 2077' सारख्या गेमला जपानी आवृत्तीत नग्नता झाकावी लागते, पण काय झाकायचे हे आधी कळते. शिवाय सोनीची कात्री केवळ लहान दिसणाऱ्या पात्रांपुरती राहिली, असेही म्हणता येत नाही. मार्च 2019 मध्ये कॅपकॉमच्या 'डेव्हिल मे क्राय 5' मध्ये ट्रिश या चांगल्या प्रौढ पात्राच्या पाठीमागे, नेमक्या जागी, प्रखर प्रकाशाचा झोत आला. तो पाश्चात्त्य बाजारातल्या प्लेस्टेशन आवृत्तीत होता. एक्सबॉक्स आणि संगणकावर नव्हता. बोंब झाली, आणि नंतरच्या अपडेटमध्ये झोत निघून गेला. एका अपडेटमध्ये मागे घेता आला, तर तो मुळात कोणत्या तत्त्वासाठी आला होता? दुसरीकडे सोनीच्याच मालकीच्या स्टुडिओचा 'द लास्ट ऑफ अस पार्ट 2' 2020 मध्ये संभोगप्रसंगासह आला, आणि योग्यच झाले, कारण कथेला त्याची गरज होती. 2024 मध्ये सोनीने स्वतः प्रकाशित केलेल्या 'स्टेलर ब्लेड'ची जाहिरात तर नायिकेच्या देहावरच चालली होती. विक्रीच्या पहिल्याच दिवशीच्या अपडेटमध्ये तिचे एक-दोन पोशाख थोडे झाकले गेले, खेळणाऱ्यांनी ऑनलाइन याचिका केली, आणि दिग्दर्शक किम ह्युंग-ते म्हणाले की अंतिम पोशाख आम्हाला हवे तेच आहेत. तसे असेलही. पण नियम दिसत नसला की खरे उत्तरसुद्धा सारवासारव वाटते.

दुसरा आक्षेप मालकीचा. दुकान त्यांचे, काय ठेवायचे ते ते ठरवतील. सरकारी सेन्सॉरशी तुलना कशाला? तुलना करायची ती फरक दिसावा म्हणूनच. 1972 साली विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' या नाटकावर नाट्यपरिनिरीक्षण मंडळाने कात्री धरली, तेव्हा त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. ते जाऊ शकले, कारण निर्णय देणारे मंडळ कोणते हे माहीत होते, निर्णय कागदावर होता आणि त्याला आव्हान देण्याची जागा होती. कन्सोलवाल्यांच्या निर्णयाला असे न्यायालय नाही, आणि गुप्ततेच्या करारामुळे निर्णय कोणाचा हेही डेव्हलपर मोकळेपणाने सांगू शकत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने माल नाकारला तर पुढचे दुकान असते. प्लेस्टेशनच्या डिजिटल दुकानाला प्लेस्टेशनवर पर्याय नाही. म्हणून न्यायालय नसले तरी निदान नियम लेखी असावा, तो कल्पना मंजूर करतानाच लागू व्हावा आणि नकाराचे कारण नोंदवले जावे. यात सोनीचा कोणताही हक्क हिरावला जात नाही.

निन्टेन्डोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी जून 2019 च्या भागधारक सभेत जवळपास हीच भूमिका घेतली. इतर कंपन्यांच्या गेम्सची तपासणी स्वतंत्र संस्था करतात, पालकांना यंत्रावर नियंत्रणाची सोय आहे. प्लॅटफॉर्मधारकच मनमानीने निवडू लागला तर वैविध्य आणि न्याय्यता या दोन्हींना बाध येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे ऐकून चावट गेमचे प्रकाशक स्विचकडे वळले. पण 2022 मध्ये गामुझुमी या अशाच एका लहान प्रकाशकाने कळवले, की उघडी छाती दाखवणारे गेम निन्टेन्डो आता घेत नाही असे त्यांना सांगण्यात आले आहे. अध्यक्षांनी भर सभेत तत्त्व सांगितले. ते बदलल्याचे मात्र एका प्रकाशकाच्या ट्वीटवरून कळले.

शेवटी लोक म्हणतात, कन्सोल सोडा, संगणकावर या. बरीच वर्षे हे उत्तर बऱ्यापैकी खरे होते. बेकायदा किंवा निव्वळ खोडसाळ नसेल ते सगळे घेऊ, असे स्टीम या संगणक-गेम्सच्या ऑनलाइन दुकानाची मालक कंपनी व्हॉल्व्हने जून 2018 मध्ये जाहीर केले होते. पण जुलै 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातील कलेक्टिव्ह शाउट या गटाच्या मोहिमेनंतर पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांचा दबाव आला. स्टीमने या कंपन्यांच्या आणि कार्ड नेटवर्कच्या निकषांचा भंग करणारा मजकूर चालणार नाही असा नवा नियम घातला. ते निकष कोणते, हे त्यात नव्हते. मास्टरकार्डने सांगितले, की आम्ही कोणत्याही गेमचे मूल्यमापन केलेले नाही. व्हॉल्व्हचे म्हणणे, की मधल्या कंपन्यांनी आम्हाला मास्टरकार्डच्याच ब्रँडला धक्का लागू नये म्हणून केलेल्या नियमाचा हवाला दिला. इच.आयओ या छोट्या स्टुडिओंच्या आवडत्या दुकानाने तर प्रौढांसाठीचे सगळे गेम एका फटक्यात शोधयादीतून काढले. त्यातले फुकटचे गेम काही दिवसांत परत दिसू लागले. ज्यांवर बनवणाऱ्याचे पोट होते ते विकतचे गेम मात्र पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांशी बोलणी चालू असल्याने तसेच अडकून राहिले.