पाळी, पिशवी आणि अंगातले रस

पाटाच्या पाण्याला पाळी असते. आज एकाच्या वावरात पाणी जाते, उद्या दुसऱ्याच्या. दारे कधी धरायचे आणि कधी मोडायचे, यावर पाटकरी लक्ष ठेवतो. पाटकरी नीट असला तर सगळ्यांची पिके येतात. तो चुकला तर एकाचे रान चिबडते आणि दुसऱ्याचे वाळते.

आपल्या अंगातही असे पाटकरी आहेत. त्यांना ग्रंथी म्हणतात. एक ग्रंथी डोक्यात, मेंदूच्या खाली आहे. एक गळ्यात आहे. एक पोटात, जठराच्या मागे आहे. बाईच्या ओटीपोटात गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक बीजकोश असतो. तीही ग्रंथीच. या ग्रंथी आपला रस रक्तात सोडतात. हा रस थेंबभरही नसतो. पण रक्ताबरोबर तो अंगभर फिरतो आणि ज्याला त्याला कामाला लावतो.

या रसांना डॉक्टर हार्मोन म्हणतात. मराठी पुस्तकांत त्यांना संप्रेरक असे नाव आहे. संप्रेरक म्हणजे प्रेरणा देणारा. १९०५ मध्ये स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने हार्मोन हे नाव दिले. त्याचा अर्थही तसाच आहे : कामाला लावणारा.

पाळी कशी येते?

बीजकोशात महिन्याला एक बीज पिकते. त्या वेळी बीजकोशाचे रस पिशवीला जणू निरोप धाडतात. मग पिशवीच्या आत मऊ अस्तर तयार होते. गर्भ राहिला तर ते त्याच्या कामी येते. गर्भ राहिला नाही तर रस कमी होतात. अस्तर सुटते आणि रक्ताबरोबर बाहेर पडते. हीच पाळी. यात विटाळ काही नाही. शरीराचे हे नेमाचे काम आहे.

बीजकोशांचे काम इतक्यावर संपत नाही. त्यांचे रस हाडे बळकट ठेवतात. रक्तवाहिन्यांना जपतात. झोप, मन आणि कातडी यांनाही त्यांचा आधार असतो. म्हणजे बीजकोश फक्त मुले होण्यापुरते नाहीत. ही गोष्ट पुष्कळ जणींना कुणी सांगत नाही. त्यामुळे केवढे नुकसान होते, ते आता पाहू.

बीडमध्ये काय घडले?

बीड जिल्ह्यातून दरवर्षी पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. एक दिवस काम बुडाले की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. फडावर पुरेसे पाणी नसते, आडोसा नसतो. पाळीचे कापड धुवायला आणि वाळवायला जागा नसते. मग अंगावरून पांढरे जाते, खाज सुटते, ओटीपोट दुखते. बाई दवाखान्यात जाते. तिथे कुणी सांगते, "पिशवी खराब झाली आहे. काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." बाई घाबरते. कर्ज काढते आणि पिशवी काढून घेते.

२०१९ मध्ये याची ओरड झाली. राज्य सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर शंभरात सुमारे सतरा. त्यांत चाळिशीच्या आतल्या बाया पुष्कळ होत्या.

पिशवी काढताना काही वेळा बीजकोशही काढतात. मग पाटकरीच गेला. तीस-पस्तीस वर्षांची बाई, पण तिच्या अंगातले हे रस एकदम आटतात. अंगाची आग होते, घाम सुटतो, झोप लागत नाही. हाडे लवकर ठिसूळ होतात. पुढे हृदयविकाराचा धोकाही वाढतो. बीजकोश जागेवर ठेवले, तरी काही बायांत ते लवकर थकतात. खाडा टळावा म्हणून पिशवी काढावी, तर कंबर धरते आणि मोळी उचलवत नाही. आणि कर्ज तर डोक्यावर उरतेच.

काही वेळा पिशवी काढावीच लागते, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. पिशवीचा कर्करोग असेल, फार मोठ्या गाठी असतील, औषधांनी रक्त थांबत नसेल, तर शस्त्रक्रियेने जीव वाचतो. तेव्हा मागे सरू नये. पण नुसते पांढरे जाते म्हणून पिशवी काढायची नसते. ते बहुतेक वेळा औषधाने बरे होते. काही आजारांत नवऱ्यालाही बरोबरीने औषध घ्यावे लागते.

कुणी पिशवी काढायला सांगितले तर चार गोष्टी विचाराव्या. मला नेमका आजार कोणता? तो औषधाने बरा होईल का? बीजकोश ठेवणार की काढणार? थोडे थांबले तर काय होईल? मग सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवावे. असे विचारण्यात डॉक्टरचा अपमान नाही. बैल घेतानासुद्धा आपण चार जणांना विचारतो. हे तर आपले शरीर आहे.

पाळी आपोआप जाते

पाळीचा त्रास कायमचा नसतो. आपल्याकडे बहुतेक बायांची पाळी ४५ ते ५० वर्षांच्या सुमारास जाते. आधी ती मागेपुढे होते. मग सलग बारा महिने आली नाही, की गेली असे समजावे. या काळात बीजकोशांचे रस हळूहळू कमी होतात. अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटते. रात्री घाम येतो. चिडचिड होते. हा रोग नव्हे, आणि बाई काही नाटकही करत नाही. घरच्यांनी हे ओळखावे. सासूचा सूर चढला तर सुनेने समजून घ्यावे. नवऱ्यानेही दोन कामे अंगावर घ्यावी. त्रास फारच झाला तर दवाखान्यात त्यावर औषध मिळते.

रस नीट राहावेत म्हणून

आता रोजच्या सवयी पाहू. यांना पैसा फार लागत नाही.

पहिली गोष्ट जेवण. घरात बाई शेवटी जेवते आणि उरलेले खाते. ही रीत मोडावी. सगळ्यांनी एकत्र बसून सारखे वाढून घ्यावे. हाडांना चुना लागतो, पण तो पानाच्या डबीतला नव्हे, अन्नातला. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना असतो. तांदळात तो फारच थोडा असतो. म्हणून नाचणीची भाकरी किंवा आंबील खावी. तीळ, दूध, ताक आणि शेवग्याचा पाला हेही चांगले.

पाळीत रक्त जाते, म्हणून लोह लागते. बाजरी, कडधान्ये आणि पालेभाज्या खाव्या. वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा पिऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही. तासभर थांबावे.

दुसरी गोष्ट मीठ. गळ्यातल्या ग्रंथीला आयोडीन लागते. ते कमी पडले तर गळ्याला गाठ येऊ शकते. थकवा येतो, अंग जड होते, पाळीही बिघडते. म्हणून आयोडीनचे मीठच घ्यावे आणि झाकणाच्या बरणीत ठेवावे. पण मीठ जास्त खाऊ नये. त्याने रक्तदाब वाढतो.

तिसरी गोष्ट ऊन आणि चालणे. उन्हामुळे अंगात ड जीवनसत्त्व तयार होते. ते नसेल तर खाल्लेला चुना अंगी लागत नाही. घरात बसून काम करणारीने रोज थोडा वेळ उन्हात बसावे आणि अर्धा तास चालावे. हाडांवर भार पडला की ती टिकतात. शेतात राबणारीला मात्र चालायला सांगायला नको. तिला विसावा आणि पोटभर अन्न हवे.

चौथी गोष्ट झोप. झोपेतच अंगातले पुष्कळ रस ठीक होतात. पहाटे सगळ्यांच्या आधी उठणे आणि रात्री सगळ्यांच्या मागून झोपणे, असे वर्षानुवर्षे चालले तर कुणाचेही शरीर खचेल.

पाचवी गोष्ट स्वच्छता. पाळीचे कापड साबणाने धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे. अडगळीत लपवून ओलसर ठेवू नये. लाज उन्हाला नसते.

मिश्री सोडावी. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. आणि "हार्मोन जुळवतो" असे सांगून कुणी बिननावाची पुडी विकली, तर ती घेऊ नये. तिच्यात काय कालवले आहे, ते आपल्याला कळत नाही.

दवाखान्यात केव्हा जावे?

या सवयींनी बळ येते, पण सगळेच आजार त्यांनी जात नाहीत. पुढील खुणा दिसल्या तर उशीर करू नये.

पाळीत फार रक्त जाते, किंवा आठ दिवसांनीही थांबत नाही.
मधल्या दिवसांत किंवा संबंधानंतर रक्त जाते.
पाळी जाऊन वर्ष झाले आणि पुन्हा रक्त दिसले.
चाळिशीच्या आतच पाळी बंद झाली.
तरुण मुलीची पाळी दोन-तीन महिने येत नाही आणि तोंडावर केस वाढतात.
स्तनात गाठ लागते.

अशा वेळी आशाताईला सांगावे. ती आरोग्य केंद्राची वाट दाखवते. तीस वर्षांवरील बायांसाठी सरकारी केंद्रांत पिशवीच्या तोंडाची तपासणी फुकट होते. ती पाच वर्षांतून एकदा करावी. कॅन्सरची भीती वाटत असेल, तर आधी तपासणी. पिशवी काढायची की नाही, ते मग ठरवावे.

हा पाठ आपण वाचला. आता तो शेजारणीलाही वाचून दाखवावा. जिला कुणी पिशवी काढायला सांगितले आहे, तिला तर आजच वाचून दाखवावा.