चाकाची ताकद आऱ्यांच्या ताणात

सायकलचा आरा म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर जाडीची तार. वरून दाबली तर लगेच वाकेल. मग अशा तीस-छत्तीस तारांवर माणूस पेलला जातो कसा? चांगल्या चाकात प्रत्येक आरा साधारण १०० किलो वजन टांगल्याइतका आधीच ताणलेला असतो. आपण सीटवर बसलो की वरच्या आऱ्यांचा ताण जवळपास तेवढाच राहतो. कमी होतो तो जमिनीलगतच्या मोजक्या आऱ्यांचा. जोब्स्ट ब्रँट या अमेरिकी अभियंत्याने १९८१ साली ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे आकडेमोडीनिशी मांडलं.

मॉलमधली स्वस्त गिअरची सायकल आणि जाणकार दुकानातली चांगली सायकल यांतला फरक मला सर्वांत आधी इथे दिसतो. स्वस्त चाकाचे आरे यंत्रावर झटपट आवळलेले असतात. नंतर हाताने ताण सारखा करायला कोणी वेळ देत नाही. सैल आरा खाली आला की त्याचा ताण पार संपतो, तो चाकाच्या मधल्या हबच्या भोकात हलतो आणि तिथल्या आपल्या वळणापाशी पुन्हा पुन्हा वाकतो. २६ इंची चाकाचा घेर २ मीटरहून किंचित जास्त, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४८० फेरे. रोज १० किलोमीटर गेलात तर सात महिन्यांत दहा लाख फेरे होतात. धातू थकतो तो असा. म्हणून आरा बरेचदा खड्ड्यात न तुटता सपाट रस्त्यावर तुटतो. मग शेजारच्या आऱ्यांवर ओढ वाढते आणि चाक आऊट होतं, म्हणजे डगमगत फिरतं.

फ्रेमचं गणित थोडं वेगळं आहे. महागडं क्रोमोली पोलाद साध्या पोलादापेक्षा जास्त ताठ नसतं. ते जास्त ओढ सहन करतं. त्यामुळे नळी पातळ ठेवता येते आणि सायकल हलकी होते.

ब्रेकबद्दल मात्र मी कुणालाही तडजोड करू देणार नाही. क्रोमचा मुलामा दिलेली लोखंडी रिम पावसात भिजली की तिच्यावर रबरी ब्रेकची पकड कित्येक पटींनी घटते. अ‍ॅल्युमिनियमची रिमही भिजते, पण बरीच सावरते. कोकणातल्या पावसाळी उतारावर हा फरक जिवावर बेतणारा आहे.

स्वस्त सायकलला पुढे-मागे शॉकअप, डिस्क ब्रेक, २१ गिअर असं सगळं दिलेलं असतं. त्याचा खर्च छर्रे, त्यांना धरून ठेवणारे कोन, हब, आरे या न दिसणाऱ्या भागांतून वळता होतो. शिवाय ती खोक्यातून अर्धवट जोडलेली येते, आणि फोर्क उलटा बसवलेल्या सायकलीही विकल्या जातात. बजेट कमीच असेल तर त्याच पैशांत बिनगिअरची, बिनशॉकअपची साधी सायकल घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

घेताना चाक उचलून फिरवा आणि रिम व ब्रेकच्या रबरामधली फट सगळीकडे सारखी राहते का ते पाहा. एकाच बाजूचे आरे जोडीजोडीने चिमटीत दाबा. एखादी जोडी सैल लागली तर तिथेच आवळून घ्या. रिम धरून आडवी हलवा. खडखडली तर कोन सैल आहेत. आणि महिनाभर चालवल्यावर आरे पुन्हा आवळून देणार का, हे दुकानदाराला पैसे देण्याआधीच विचारा, कारण नवं चाक पहिल्या काही आठवड्यांत थोडं सैल पडतं.