विश्लेषण : रेल्वे रुळांवरचा साधा पूल जगभर का अभ्यासला जातो?

स्पेनमधील बार्सिलोना शहरात सांत आंद्रेउ आणि सांत मार्ती या दोन भागांना जोडणारा बाक दे रोदा पूल १९८७ मध्ये पूर्ण झाला. वास्तुरचनाकार आणि स्थापत्य अभियंता सांतियागो कालात्रावा यांचा हा पहिला पूल. लांबी जेमतेम १२९ मीटर, खाली नदीही नाही, नुसते रेल्वे रूळ. तरीही त्याचे महत्त्व मोठे आहे.

पुलाची गरज का होती?

फ्रँको राजवटीत शहराच्या कडेला कामगार वस्त्या वाढल्या; बागा, चौक, चांगले रस्ते मात्र मागे राहिले. त्यात रुळांनी वस्त्या तोडलेल्या. १९७९ च्या निवडणुकीनंतर लोकनियुक्त प्रशासन आले. नगररचनेची धुरा सांभाळणाऱ्या ओरिओल बोहिगास यांनी भव्य आराखड्यांपेक्षा वस्त्यांमधील छोट्या, पण दर्जेदार कामांवर भर दिला. हा पूल त्याच धोरणाच्या काळातला.

रचनेत वेगळे काय?

रेल्वेगाड्यांसाठी पुलाखाली पुरेशी उंची सोडावी लागते. रस्ता फार वर नेला, तर दोन्हीकडचे चढ लांबतात. म्हणून भार पेलणाऱ्या पोलादी कमानी रस्त्याच्या वर घेतल्या आणि रस्ता त्यांना टांगला. अशी कमान दाबाखाली बाजूला वाकू शकते. ते टाळण्यासाठी समोरासमोरच्या कमानी अनेकदा डोक्यावरून आडव्या तुळयांनी जोडतात. येथे प्रत्येक उभ्या कमानीला बाहेरून दुसरी, तिरकी कमान टेकू देते. त्यामुळे रस्त्यावर आकाश मोकळे राहते.

पादचाऱ्यांना काय मिळाले?

या दोन कमानींच्या मधून पदपथ जातो. तो वाहनांपासून वेगळा आहे आणि पुलाच्या मध्यावर सज्जासारखा रुंद होतो. तेथे थांबता येते, गप्पा मारता येतात. टोकांजवळच्या जिन्यांनी थेट खाली उतरता येते. मोठा वळसा पडत नाही.

देखणेपणाची किंमत मोजावी लागते का?

कधी कधी. कालात्रावा यांच्याच बिल्बाओमधील पादचारी पुलाची काचेची फरशी पावसात निसरडी होई. अखेर तिच्यावर चटई अंथरावी लागली. बाक दे रोदाचे वेगळेपण इथेच आहे. येथील तिरकी कमान केवळ शोभेची नाही. ती पुलाला आधार देते आणि पायी चालणाऱ्याला हक्काची जागाही.