पाणी येतं कुठून? वसई बेटावरचे काही गैरसमज

वसईतल्या पापडीच्या बाजारात कुणाला 'तुम्ही बेटावर राहता' असं सांगितलं, तर तो आधी हसेल. स्टेशनला रिक्षा जाते, महामार्गाला गाडी लागते, मग बेट कसलं? पण नकाशा उघडून बघावा. उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला उल्हासच्या मुखाची वसई खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, आणि पूर्वेला या दोन खाड्यांना जोडणारी, आता बरीचशी गाळाने बुजलेली सोपाऱ्याची खाडी. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये या भूभागाची नोंद बेट म्हणूनच आहे. पूल आणि भराव यांच्यामुळे ते विसरलं गेलं, तरी पाण्याचा उतार अजून बेटाचाच आहे.

या मोठ्या बेटाच्या कडेला दोन लहान बेटंही आहेत. नायगाव आणि भाईंदरच्या मधे, खाडीत, पाणजू. पश्चिम रेल्वेचे पूल या बेटावरून जातात, गाडी मात्र तिथे थांबत नाही. गावकरी होडीने ये-जा करतात. दुसरं वैतरणेच्या मुखाशी, अर्नाळा किल्ला. मराठ्यांनी १७३७ साली नव्याने बांधलेला हा जलदुर्ग अलीकडे पुन्हा चर्चेत आला तो जून २०२५मध्ये नौदलात दाखल झालेल्या 'आयएनएस अर्नाळा' या युद्धनौकेमुळे. किल्ल्याभोवती कोळ्यांचं नांदतं गाव आहे, हे त्या बातम्यांमध्ये क्वचितच आलं.

हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या योजनांना सरकारी कागदावर 'अनुकूलन प्रकल्प' म्हणतात. अशा सखल गावांसाठी ते आखले जातात, आणि त्यांच्याबद्दलचे समज बहुतेक वेळा टीव्हीवरच्या लाटांवरून तयार झालेले असतात.

पहिला समज नकाशाचा. २०१९मध्ये 'क्लायमेट सेंट्रल' या अमेरिकी संस्थेचा नकाशा मोबाइलवर फिरला. २०५०मध्ये मुंबई आणि आसपासचा बराच भाग त्यावर पाण्याखाली दिसत होता. वसईतही 'आता काय, घर विका' अशी चर्चा रंगली. तो नकाशा नेमकं काय सांगत होता? वर्षातून एकदा तरी येणाऱ्या पुराच्या पातळीपेक्षा कोणती जमीन खाली असेल, एवढंच. बांध, त्यांतली पाणी सोडणारी दारं, भराव यांचा हिशेब त्यात नव्हता. धोका खरा, पण 'बुडणार' या शब्दाने जे चित्र डोळ्यांपुढे येतं ते चुकीचं.

बेटं थाळीसारखी एकाच वेळी बुडत नाहीत. तुवालू या प्रशांत महासागरातल्या देशाच्या १०१ बेटांचा १९७१ ते २०१४ या काळातला अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्राची पातळी वाढत असतानाही तिथली एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढली होती, कारण लाटा एका बाजूची वाळू उचलून दुसरीकडे टाकतात. याचा अर्थ तुवालू सुरक्षित आहे असा नाही. ज्याचं घर खचणाऱ्या बाजूला आहे, त्याला समोरच्या टोकाला वाढलेल्या वाळूचा उपयोग शून्य. आपल्याकडेही असाच फरक आहे: राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातली किनारपट्टी तपासली, तेव्हा महाराष्ट्राचा साधारण २५.५ टक्के किनारा धूप होणारा निघाला. बाकीचा एक तर स्थिर आहे किंवा चक्क पुढे सरकतो आहे. प्रकल्प आखायचा तो या गाव-गावच्या फरकावर.

आता मुख्य मुद्दा. 'समुद्र आत येतो, म्हणून वसई बुडते' हा समज इतका पक्का आहे की जुलै २०१८चा अनुभवही तो हलवू शकला नाही. त्या महिन्यात ९ आणि १० तारखांना धो धो पाऊस कोसळला. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, बडोदा एक्स्प्रेसमधल्या प्रवाशांना एनडीआरएफने बाहेर काढलं, वसई पूर्वेच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसं अडकली. यात एकही लाट किनारा ओलांडून आलेली नव्हती. पाणी आलं ते आभाळातून आणि मागच्या डोंगरातून, म्हणजे तुंगारेश्वर आणि कामणच्या बाजूने. त्याला खाडीत जायचं होतं. वाटेत महामार्ग, रेल्वेचा उत्तर-दक्षिण भराव, त्याखालच्या अरुंद मोऱ्या, आणि जिथे पूर्वी हे पाणी पसरून थांबायचं त्या सखल शेतांवर आणि मिठागरांवर उभी राहिलेली बांधकामं. इतकं करून खाडीशी पोहोचावं, तर तिथे भरती.

भरती-ओहोटीचं एक चक्र साधारण साडेबारा तासांचं. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. त्या वेळी नाल्याचं तोंड खाडीच्या पातळीखाली असतं आणि आतलं पाणी बाहेर पडूच शकत नाही. कोकणात खाडीकाठची शेतं खाऱ्या पाण्यापासून राखणाऱ्या बांधांत, म्हणजे खारबंदिस्तीत, यावर जुना तोडगा आहे, तो म्हणजे उघाडी. बांधातल्या या दाराची झडप ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि भरती चढली की बाहेरच्या दाबाने मिटते. वीज नको, पंप नको. फक्त दार साफ हवं.

समुद्राची पातळी वाढते म्हणजे इथे प्रत्यक्ष काय होतं, ते या दाराशी उभं राहिल्यावर कळतं. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. २००६ ते २०१८ मध्ये वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. 'एवढंसं? तेवढ्याने काय होतं?' असं वाटणं साहजिक आहे. पण वेग आणखी न वाढता तेवढाच राहिला, तरी तीस वर्षांत ११ सेंटीमीटर होतात, आणि उघाडी उघडी राहण्याचे तास प्रत्येक ओहोटीला कमी होतात. त्यात कमी वेळात जास्त पाऊस पडू लागला, की आतलं पाणी वाढतं आणि बाहेर जायला मिळणारा वेळ घटतो. वसईचा प्रश्न आहे तो हा. २०१८नंतर वसई-विरार महापालिकेने नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांची सत्यशोधन समिती नेमली, तिच्या शिफारशींत धारण तलाव आले ते याच हिशेबाने: भरती असेपर्यंत पाणी थांबायला जागा द्या.

तरीही लोक मागतात ती भिंत. त्यांना दोष देता येत नाही. अर्नाळा किल्ल्यावर घरांचे जोते लाटांनी खाल्ले, तेव्हा तिथल्या माणसाला धारण तलावाचं गणित सांगणं ही थट्टा ठरेल. तिथला प्रश्न खरोखर समोरच्या लाटेचा आहे आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी रास्त आहे. गैरसमज आहे तो 'एकदा बंधारा बांधला की झालं' हा. भिंतीवर आदळलेली लाट आपला जोर पायथ्याच्या वाळूवर काढते. भिंत जिथे संपते तिथे धूप वाढते. म्हणजे अर्ध्या गावाला बांधलेला बंधारा उरलेल्या अर्ध्याची अडचण वाढवू शकतो. रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्याला कित्येक पावसाळ्यांत पडलेली भगदाडं कोकणातल्या वाचकाला ठाऊक आहेत. फिजीतल्या काही गावांत तर समुद्र अडवायला बांधलेल्या भिंतींमागे पावसाचं पाणी अडून बसल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. भिंतीत उघाडी ठेवायची असते हे कोकणातल्या खारवाल्या शेतकऱ्याला शिकवावं लागलं नसतं.

अर्नाळ्याच्या धुपेत वाळूचाही हिशेब घ्यावा लागतो. वैतरणेवर मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा ही धरणं आहेत. मुंबईला पाणी देताना ती गाळही अडवून ठेवतात. खाली खाडीत रेतीउपसा. किनाऱ्याला मिळणारी वाळूच तोडायची आणि मग दगड आणून टाकायचे, हा प्रकार महागडा आहे.

तिवरांबद्दलचे समज दोन टोकांचे. शहरातला पर्यावरणप्रेमी म्हणतो, तिवरं लावा, सुनामीही थांबेल. सखल वस्तीतला माणूस म्हणतो, तिवरांनीच नाला अडवला. लाटेचा जोर तिवरं मोडतात, काठाची माती धरून ठेवतात, हे खरं. पण संथपणे चढणारं उधाण झाडांमधून सहज वर येतं. आणि ती कुठेही लावून जगत नाहीत. भरतीचं पाणी रोज किती वेळ उभं राहतं त्यावर जात ठरते, आणि जिथे खारं पाणी मोकळं येतं-जातं तिथे ती बहुधा आपसूक उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये तिवरांची तोड रोखली, २०१८च्या निकालाने ते संरक्षण पक्कं केलं, आणि २०१२पासून राज्यात तिवरांसाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. त्यामुळे नुकसान बरंच थांबलं.

पण यातून एक पेच उभा राहतो, आणि तो भाषणांमध्ये येत नाही. खारबांध फुटला आणि वेळेवर बुजवला नाही, तर भातशेतीत खारं पाणी शिरतं. काही वर्षांत तिथे तिवरं उभी राहतात. मग ती तोडता येत नाहीत. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर आणि शेत कांदळवनात. रायगडात पेण-अलिबागच्या बाजूला हे गाऱ्हाणं सर्रास ऐकू येतं. यात खलनायक तिवरं नव्हेत. बांध न बुजवणारी दिरंगाई हे मूळ कारण आहे, आणि तिची किंमत शेतकरी मोजतो.

भरती आणि लाट यांखेरीज समुद्र तिसऱ्या वाटेनेही येतो, आणि ती दिसत नाही: जमिनीखालून. निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली या पट्ट्यातल्या वाड्या, केळी, पानवेली, फुलं, सगळं उभं राहिलं ते पावसाच्या गोड्या पाण्यावर. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगतं. भूजलशास्त्रातला ढोबळ नियम असा की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी असतं. उलटं वाचलं की धास्ती वाटते: विहिरीची पातळी कायमची एक मीटर उतरवली, तर खारं पाणी ४० मीटर वर यायला निघतं. रहाटाच्या जागी पंप आले, शहर वाढलं तेव्हा विहिरींतून टँकर भरले गेले, आणि विहिरी मचूळ झाल्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीने पाण्याचा मुद्दा लावून धरला, तो उगाच नव्हे.

वसईच्या वाडवडिलांची यावरची व्यवस्था म्हणजे बावखल. वाडीच्या कडेला खणलेला हा तलाव पाऊस साठवतो, उन्हाळ्यात वाडी भिजवतो, मासे देतो आणि झिरपून विहिरी गोड्या ठेवतो. भरतीच्या वेळी अडलेलं पावसाचं पाणी थांबवायलाही तोच. म्हणजे समितीने ज्याची शिफारस केली, ते धारण तलाव लहान रूपात गावोगाव होतेच! आणि त्यातले बरेच डेब्रिज टाकून बुजवले गेले, कारण बहुतेक बावखलं खासगी जागेत आणि जागेचा भाव चढता. 'जुनं तंत्र आता काय कामाचं' हा समज इथे सरळ सरळ तोट्याचा आहे.

'पैसा नाही म्हणून काम होत नाही' हे अर्धसत्य. हरित हवामान निधीने २०१८मध्ये आंध्र प्रदेश, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचं अनुदान मंजूर केलं. त्यातून कांदळवन सुधारण्यापासून खेकडेपालनापर्यंतची कामं आखली गेली. तुवालूने अशाच निधीवर २०२३च्या अखेरीस राजधानी फुनाफुटीत सात हेक्टरांच्या आसपास उंच जमीन तयार केली. पैसा येतो, पण तो बांधकामाला येतो. पुढच्या वीस पावसाळ्यांत झडपेतला गाळ काढायला, तलावातला कचरा उपसायला कोण पैसे देणार, ही ओळ अंदाजपत्रकात शोधावी लागते.

आणि काम करणार कोण? वसईपुरतं बोलायचं तर खारबांध जलसंपदा खात्याकडे, १९७९च्या खारजमीन विकास कायद्याखाली. धूपप्रतिबंधक बंधारे मेरीटाइम बोर्डाकडे. तिवरं वनखात्याकडे. गटारं २००९पासून महापालिकेकडे, पण पाणजू आणि अर्नाळा किल्ला ग्रामपंचायतींकडे. रुळांखालच्या मोऱ्या रेल्वेच्या, मिठागरांच्या जमिनींत केंद्राच्या मीठ आयुक्तांचा हात. पाणी यातल्या प्रत्येकाच्या हद्दीतून एकाच रात्रीत जातं. म्हणून इथल्या कुठल्याही योजनेत काँक्रीटच्या घनमीटरआधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: भरतीचं वेळापत्रक पाहून कुठली उघाडी कुणी तपासायची, मोरी तुंबल्याचा फोन कुणाला करायचा, आणि त्या माणसाला रेल्वेच्या हद्दीत पाऊल टाकायची परवानगी आहे का.