अप्पांचे बंदर : मुरगावातला एक रविवार

गोवा आम्हा बेळगावकरांना परका नाही. सकाळी घाट उतरला की दुपारी समुद्र! शाळेची सहल, लग्नानंतरचा पहिला प्रवास, मंगेशी-शांतादुर्गेचे दर्शन, पोरांच्या हट्टाखातर कळंगुट... प्रत्येक घरातल्या अल्बममध्ये गोव्याचे चार-दोन फोटो असतातच. पण वाचकहो, तुमच्यापैकी किती जणांनी मुरगाव पाहिले आहे? वास्कोच्या स्थानकात उतरलेले पुष्कळ असतील. उतरले, टॅक्सी केली आणि पणजीकडे निघाले! खरे सांगायचे तर मीही त्यांतलीच.

यंदा दिवाळीनंतरच्या एका शनिवार-रविवारी आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी निघालो. मुलेबाळे, नवरे, सासूसासरे सगळे घरी ठेवून! एक बँकेत, एक सरकारी दवाखान्यात परिचारिका, एक कन्नड शाळेत शिक्षिका आणि मी कॉलेजात शिकवणारी. कन्नड शाळेतली आमच्यात वयाने थोडी मोठी, म्हणून तिला आम्ही पहिल्यापासून ‘अक्का’च म्हणतो. कुठे जायचे यावर फोनवर आठवडाभर चर्चा झाली. कुणी पाळोळे म्हणाले, कुणी हरमल. शेवटी अक्का म्हणाली, “यावेळी माझं ऐका गं. मला मुरगाव बघायचंय. अप्पांचं बंदर.”

आम्ही तिघी गप्प झालो. पंचवीस वर्षांची मैत्री, पण अक्काचे वडील मुरगावला हमाली करत एवढेच आम्हाला माहीत होते. बैलहोंगल तालुक्यातल्या कोरडवाहू गावातून ते पंधरा-सोळा वर्षे बंदरावर जात राहिले. पेरणीला गावी, सुगी आटोपली की मुरगाव. जहाजातून उतरलेल्या खताची पोती पाठीवरून वाहायची. घरी दर महिन्याला मनिऑर्डर येई. फॉर्मच्या खालच्या कोऱ्या जागेत कुणाकडून तरी लिहून घेतलेली एकच ओळ असे, ‘ना आराम अदीनि’. मी बरा आहे. अक्काच्या अव्वाने त्या कुपनांचा गठ्ठा अजून पेटीत जपून ठेवला आहे. मात्र बायकामुलांना त्यांनी एकदाही तिकडे नेले नाही. अक्का कॉलेजात असतानाच ते गेले.

शनिवारी दुपारी चोर्ला घाटाच्या बसमध्ये बसलो. केरी, साखळी आणि मग डिचोली. लाल मातीचे डोंगर अर्धे कापलेले दिसतात, ते खाणींमुळे. इथले लोहखनिज मांडवीच्या काठावरच्या धक्क्यांवर बार्जमध्ये भरायचे आणि नदीतून, कुंभारजुव्याच्या कालव्यातून मुरगाव बंदरावर न्यायचे, असा हा धंदा वर्षानुवर्षे चालला. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि बार्जची रांग थांबली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. अलीकडे नव्याने लिलाव होऊन काही खाणींची हालचाल सुरू झाली आहे. बँकवाली खिडकीतून बघत म्हणाली, “म्हणजे डिचोलीची मातीसुद्धा मुरगावलाच जायची!” अक्का म्हणाली, “माती पण आणि माणसं पण.”

रात्री वास्कोत मुक्काम केला. वास्को हे मुरगाव तालुक्याचे मुख्य शहर. त्याला नाव वास्को द गामाचे, पण हा गृहस्थ १४९८ मध्ये कालिकतला उतरला आणि गोवा घेतला तो आफोंसो द आल्बुकर्कने, १५१० मध्ये. मुरगावचा भाग तर पोर्तुगिजांकडे आला १५४३ मध्ये, साष्टीबरोबर.

रविवारी पहाटेच उठलो. गरम उंडे आणि पातळ भाजी खाऊन बाजारातल्या दामोदराच्या देवळात गेलो. हा देव मूळचा जांबावलीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावात साथ आली, तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडे घातले, तिथला नारळ आणून इथे पूजला आणि अखंड भजन केले. तेव्हापासून नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोचा सप्ताह भरतो. नाव सप्ताह, पण भजन चालते चोवीस तास! वेगवेगळ्या समाजांचे ‘पार’ वाजतगाजत येतात आणि रात्रभर मराठी अभंग गायले जातात. १९८७ च्या कायद्याने कोंकणी गोव्याची राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान मिळाले. भाषेचे वाद गोव्यानेही आपल्यासारखेच सोसले आहेत. पण या देवळाच्या पायरीवर फुले विकणारी बाई एका दमात कोंकणीत भाव सांगत होती, मराठीत आम्हाला हाक मारत होती आणि मुलाला कन्नडमध्ये रागावत होती. आपल्या घरासारखेच वाटले!

तिथून रिक्षाने हेडलँड सड्यावर. जांभ्या दगडाच्या पठाराला कोकणात ‘सडा’ म्हणतात. या सड्याच्या टोकाला जपानी बाग म्हणून एक बगीचा आहे. खाली कडा आणि समोर अरबी समुद्र. उत्तरेला जुवारी नदीचे मुख आणि पलीकडे दोना पावलाचे टोक. गर्दी नाही, गोंगाट नाही. आपल्याकडच्या लोकांनी मुद्दाम यावे अशी जागा आहे.

या भूशिरावर पोर्तुगिजांनी १६२४ मध्ये किल्ला उभारायला घेतला. त्यावेळचा व्हाइसरॉय फ्रांसिस्को द गामा हा वास्को द गामाचा पणतू. पुढे १६८३ मध्ये छत्रपती संभाजीमहाराजांच्या फौजा जुन्या गोव्याच्या दाराशी येऊन धडकल्या आणि पोर्तुगिजांनी राजधानीच मुरगावला हलवायचे ठरवले. बांधकामही सुरू झाले. पण राजधानी काही आली नाही. पुढे १८४३ मध्ये तो मान पणजीला मिळाला. किल्ल्याचे आता थोडेच अवशेष उरले आहेत.

मुरगावचे नशीब उघडले ते रेल्वेमुळे, आणि त्यात आपल्या मुलखाचा मोठा वाटा आहे. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे आणि पुढे लोंढ्याकडून सदर्न मराठा रेल्वे, अशी जोडणी १८८० च्या दशकात पुरी झाली. आमच्या पठारावरचा कापूस थेट बंदरावर उतरावा, हा त्यातला मोठा हेतू. म्हणजे हे बंदर गोव्याचे खरे, पण ते बांधताना नजर होती घाटावर! गोवा मुक्त झाल्यानंतर १९६३ मध्ये त्याला मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला.

या पाण्याने युद्धेही पाहिली आहेत. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज इथे आसऱ्याला थांबले होते. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या, वयाने पोक्त अशा इंग्रज स्वयंसेवकांनी ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर हल्ला केला. ते बुडाले आणि बाकीची जहाजे त्यांच्याच खलाशांनी बुडवली. १९८० मध्ये यावर ‘द सी वुल्व्ज’ हा इंग्रजी चित्रपट निघाला. १८ डिसेंबर १९६१ ला याच खाडीत ‘बेटवा’ आणि ‘बियास’ या आपल्या युद्धनौकांनी पोर्तुगीज ‘आफोंसो द आल्बुकर्क’ला गाठले. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला.

मी हे सगळे उत्साहाने सांगत होते. वर्गात सांगते तसे! पण अक्काचे लक्ष नव्हते. सड्यावरून जिथे बंदर दिसते त्या वळणावर ती थांबली होती. खाली उंच क्रेन, कोळशाचे काळे ढीग, धक्क्याला लागलेले एक प्रचंड जहाज. आत जायला परवाना लागतो, त्यामुळे आम्ही वरूनच पाहत होतो.

“अप्पा म्हणायचे, जहाज आपल्या गावच्या गुडीपेक्षा उंच असतं. आम्हाला खोटं वाटायचं,” ती हळूच म्हणाली.

मग तिने मोबाइल काढला आणि गावी व्हिडिओ कॉल लावला. भाच्याने फोन अव्वाच्या समोर धरला असावा. पडद्यावर आधी नुसते कपाळच दिसत होते. अक्काने फोन फिरवला आणि बंदर दाखवले. जहाज, क्रेन, उन्हात चकाकणारे पाणी. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग अव्वाने विचारले, “अल्लि नेरळ इल्लेनु?”

तिथे सावली नाही का?

जहाज किती मोठे, समुद्र किती निळा, यातले काही नाही. ज्या माणसाने पंधरा-सोळा वर्षे ‘मी बरा आहे’ एवढेच लिहून घेतले, त्याला सावली होती का, एवढेच तिला विचारायचे होते. अक्काला उत्तर देता आले नाही. परिचारिकेने फोन घेतला आणि मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हणाली, “अव्वा, तुम्हीच या बघायला. आम्ही घेऊन येतो.”

जवळच एक चहाची टपरी होती. टपरीवालीने आमचे बोलणे ऐकले होते. “एल्लिंद बंदीरि? बर्रि, कुंदर्रि,” म्हणत तिने बाक पुसला. फडके काळे झाले. ती गदगकडची. वीस वर्षे इथेच. “दिवसातून चारदा पुसते ताई. वारा फिरला की पुन्हा तेच.” पूर्वी या बंदरातून मुख्यतः खनिज बाहेर जायचे. आता परदेशातून कोळसा उतरतो आणि रेल्वेने बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्याला जातो. कोळशाची धूळ हा वास्कोतला जुना, कडू वाद आहे. बंदराची क्षमता वाढवण्यावर २०१७ मध्ये इथे जाहीर सुनावण्या झाल्या. २०२० च्या नोव्हेंबरात चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले, कारण दुसरा रूळ कोळशासाठीच आहे असे त्यांचे म्हणणे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घाटातल्या जंगलातून जाणाऱ्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. आपण पठारावर राहतो, आपल्याला यातले काय? पण आपल्याकडच्या घरांना लागणाऱ्या सळीचा कोळसा इथे उतरतो आणि धूळही इथेच उतरते. ती पुसणारे हात पुष्कळदा आपल्याच गावचे असतात.

दहा वाजता बोगमाळोच्या रस्त्यावरचे नौदलाचे विमान संग्रहालय उघडले. १९९८ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय मुलांना घेऊन जाण्याजोगे आहे (सोमवारी मात्र बंद असते). ‘विक्रांत’वरून १९७१ च्या युद्धात उडालेल्या जातीची सी हॉक आणि आलिझे विमाने, २०१६ मध्ये निवृत्त झालेली सी हॅरियर, जुने अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन... सगळे हात लावण्याइतके जवळ. प्रत्येकापुढे पाटी आहे. कोणते विमान, कधी आले, काय केले. वाचून ऊर भरून येतो.

अक्का एका पाटीपुढे उभी राहून म्हणाली, “विमानांना पाट्या आहेत, बरं झालं. पोती वाहणाऱ्यांची पण एखादी असती तर!” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण त्या एका वाक्याने माझी सकाळची सारी व्याख्याने मला अपुरी वाटू लागली. व्हाइसरॉय, करार, लढाया, सगळ्यांची नावे मला पाठ आहेत. ज्यांच्या पाठीवर हे बंदर चालले त्यांतले एकही नाव मला सांगता येत नाही.

जेवण स्टेशनजवळच्या खाणावळीत झाले. दोघींना हुमण-भात, दोघींना शाकाहारी ताट आणि सोलकढी सगळ्यांना! दुपारच्या गोवा एक्स्प्रेसने परत निघालो. शेजारच्या रुळावर मालगाडी उभी होती, आमच्याच दिशेला तोंड करून. मडगाव, कुडचडे, कुळे करत गाडी घाट चढू लागली. दूधसागराला पाणी बऱ्यापैकी होते. सगळा डबा खिडक्यांना लोटला. कॅसलरॉक आले तसे मी सांगितले की १९६१ पूर्वी इथून पुढे परदेश होता. अक्का म्हणाली, “अप्पांना पण तो परदेशच होता.” मग पिशवीतून तिने सड्यावरून उचललेला जांभ्याचा छोटा खडा काढून दाखवला. अव्वासाठी.

वाचकहो, आपल्या सीमाभागात असे घर विरळाच, जिथून कुणी पोटासाठी घाटाखाली गेले नाही. कुणाचे आजोबा मुरगावला, कुणाचे काका मुंबईच्या गोदीत, कुणाची आत्या पणजीत घरकामाला. आपण त्या गावांना सहलीला जातो आणि समुद्र बघून परत येतो. पुढच्या वेळी निघण्याआधी घरातल्या थोरांना एवढेच विचारा : आपले कोण तिकडे होते? कुठे राबत होते? जमले तर त्यांना बरोबरच न्या. आम्ही अप्पांना नेऊ शकलो नाही. अव्वाची तिकिटे मात्र फेब्रुवारीची काढली आहेत. चौघींची आणि तिची, पाच. उन्हाळा लागायच्या आत जायचे आहे. सड्यावर खरोखरच सावली कमी आहे.